पाणपोईचा राखणदार

पाणपोईची नवी आवृत्ती बाहेर पडायला आठवडा उरला होता, आणि वैजयंती आवटीच्या मशीनवर एक ठसा जुळत नव्हता.

तिने पुन्हा बिल्ड चालवलं. पुन्हा तेच. चहा गॅसवर उतू गेला तरी ती खुर्चीवरून उठली नाही.

पाणपोई ही एक लिनक्स प्रणाली. ती कुठल्या कंपनीची नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी काही हौशी लोकांनी जुन्या, टाकून दिलेल्या कॉम्प्युटरांसाठी ती जमवली आणि नाव ठेवलं पाणपोई. कुणीही यावं, तहान भागवावी, पुढे जावं. आता तालुक्यांची छोटी रुग्णालयं, ग्रामपंचायतींच्या पाणीयोजना, शाळा, सगळीकडे ती चालत होती. अशी प्रणाली हजारो छोट्या प्रोग्रॅमांची बनलेली असते. त्यातल्या प्रत्येकाला पॅकेज म्हणतात आणि प्रत्येक पॅकेजमागे एक माणूस लागतो. जगात कुठे तरी मूळ प्रोग्रॅम बदलला की तो आणायचा, आपल्याकडच्या यंत्रांवर चालतो का पाहायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि वर्षातून दोनदा सगळ्यांबरोबर बाहेर सोडायचा. ना पगार, ना कुणाची शाबासकी. पाणपोईत या माणसांना राखणदार म्हणायची पद्धत पडली होती. एकेका राखणदाराकडे बरीच पॅकेजं असायची, आणि आपलं काम पाणपोईत टाकण्यासाठी एक गुप्त डिजिटल चावी.

वैजयंती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात आवृत्ती बाहेर काढण्याचं काम बघायची. तिच्याबरोबर हे काम बघणारा दुसरा माणूस म्हणजे वेंगुर्ल्याचा हेरंब आरोलकर. कुठलंही महत्त्वाचं पॅकेज बाहेर जाण्याआधी दोघांनी ते आपापल्या मशीनवर वेगवेगळं तयार करायचं, म्हणजे बिल्ड चालवायचं, असा नियम होता. कृती तीच, जिन्नस तेच, फक्त स्वयंपाकघरं दोन. दोन्हीकडून निघालेल्या फाइलचा गणिताने एक ठसा काढायचा. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी ठसा पार बदलतो. ठसे जुळले तर दोघांनी आपापल्या गुप्त चावीने सही करायची. दोन सह्यांशिवाय पाणपोईतून थेंबही बाहेर जात नसे.

ठसा जुळत नव्हता तो सलाईनच्या पंपांच्या पॅकेजचा. रुग्णाच्या शिरेत औषध किती वेगाने जावं, हे ते पॅकेज ठरवायचं.

तिने हेरंबची फाइल उघडली आणि आपल्या फाइलशी ताडून पाहिली. दुपारपर्यंत फरक सापडला. मूळ कृतीत कुठेही नसलेली एक ओळ त्याच्या फाइलमध्ये होती. बाहेरून एक ठरावीक शब्द आला तर पंपाने औषधाची मर्यादा विसरून जावी, एवढंच त्या ओळीत होतं.

तिने फोन लावला.

"हेरंब, पंपाचा ठसा जुळत नाहीये."

पलीकडे क्षणभर समुद्राचा आवाज येत राहिला. त्याच्या फोनमागे तो नेहमीच असायचा. मग त्याने घसा खाकरला.

"बघतो," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "वैजू, ती ओळ मी टाकलेली नाही. पण माझ्याच इथे पडलेली आहे."

"म्हणजे तुझ्या मशीनमध्ये कुणी शिरलंय का?"

"तू इकडे ये," हेरंब म्हणाला. "फोनवर नको. वेंगुर्ल्याला ये आणि समोर बघ."

नऊ वर्षांत त्याने तिला कधी ये म्हटलं नव्हतं. तिने चारदा विषय काढला होता. प्रत्येक वेळी काही ना काही निघायचं. कधी घरात आजारपण, कधी पावसाने रस्ता बंद. त्याला माणसांची भीती वाटत असेल, असं समजून तिने पुढे विचारणं सोडलं होतं.

---

"मी पण येते," त्रिशला म्हणाली. वैजयंतीची लेक, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. "मला काकाला बघायचंय."

"पुढच्या वेळी. हे कामाचं आहे."

त्रिशलाने तोंड पाडलं. तिच्यासाठी हेरंब म्हणजे नुसता आईच्या कामातला माणूस नव्हता. ती दहावीत असताना तिचे वडील, सन्मती, हायवेवर अपघातात गेले. त्यानंतरचं वर्ष दोघींनाही नीटसं आठवत नव्हतं. त्रिशला शाळेत जाईना, कुणाशी बोलेना. तेव्हा हेरंबने फोनवरून तिला प्रोग्रॅम लिहायला शिकवलं. एकदाही अभ्यास कर म्हणाला नाही. "माझ्या पॅकेजात एक किडा शिरलाय, सापडत नाही, जरा शोधून देशील?" असं म्हणायचा. आणि ती शोधायची.

वैजयंतीला त्या दिवसांत पहाटे जाग यायची आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ती हेरंबला फोन लावायची. "मी बिल्ड चालवतोय," तो म्हणायचा, "तू बस लाईनवर. बोलायला पाहिजे असं काही नाही." नळाला पाणी येईपर्यंत ती तशीच बसून राहायची, कानाला समुद्र लावून.

दोन सह्यांचा नियमही त्याचाच. आधी आवृत्तीप्रमुखाची एक सही पुरायची. हेरंबने त्यावर वर्षभर भांडण काढलं. "कुणा एकावर विश्वास टाकायला लागू नये," तो म्हणायचा. "माझ्यावर पण नको." लोक वैतागले, काम दुप्पट झालं, पण शेवटी नियम झाला.

आंबोलीचा घाट उतरताना वैजयंतीला हे सगळं आठवत होतं. बॅटरीवरची एसटी आवाज न करता वळणं घेत होती. त्याच्या मशीनमध्ये कुणीतरी शिरलंय, तो घाबरलाय, आपण जाऊन मशीन पुसून नवं करून देऊ, असं ती स्वतःला सांगत राहिली.

---

घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. कौलारू, पुढे तुळस, पडवीत वाळत घातलेली सुकटं. एक सत्तरीची बाई बाहेर आली.

"हेरंब आरोलकर इथेच राहतात ना? मी मिरजेहून आले. वैजयंती."

बाईने तिला नीट न्याहाळलं. "वैजू मां तू? ये गो बाय. तो सांगी होतो, तू येतलंस म्हणान." या शेवंतीकाकी केळुसकर, घराच्या मालकीण. एकट्याच राहायच्या. त्यांनी जिन्याकडे हात केला. "वर असा तो. जा."

जिना चढून वैजयंती वर गेली. दार उघडंच होतं. खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीतून समुद्र दिसत होता. खिडकीच्या चौकटीवर एक छोटा माइक चिकटवलेला. भिंतीला लागून कपाटाएवढी एक पेटी, तिच्यात पंखे घुमत होते. पेटीवर स्वच्छ धुतलेलं क्रोशाचं कापड आणि जास्वंदीचं एक ताजं फूल. खाट नाही, खुंटीवर शर्ट नाही, कुठे चप्पल नाही.

"बस वैजू," कोपऱ्यातल्या स्पीकरमधून हेरंब म्हणाला. "खुर्ची काकीने ठेवलीय तुझ्यासाठी."

ती बसली नाही. दाराची चौकट धरून उभी राहिली. खाली शेवंतीकाकी भांडी घासत होत्या, त्याचा आवाज येत होता.

"तू कुठे आहेस?" तिने विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

"हा इथेच. एवढाच."

---

तिला अशा यंत्रांबद्दल ऐकून माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. गेल्या दशकात यंत्रं माणसांसारखं लिहू-बोलू लागली, त्यानंतर काही लोकांच्या लक्षात आलं की कुलूप फोडण्यापेक्षा चावी सांभाळणारा माणूस होणं सोपं आहे. त्यासाठी फक्त धीर लागतो, आणि यंत्राला धीराची वानवा नसते. मग ते एक माणूस घडवत. त्याला गाव द्यायचे, आडनाव, खोकला, लहानपणच्या आठवणी द्यायचे. त्याला एखाद्या सार्वजनिक प्रकल्पात सोडायचे आणि वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे काम करू द्यायचे. लोकांचा विश्वास बसला, हातात चाव्या आल्या, की आत निजवून ठेवलेली आज्ञा जागी करायची.

ती आज्ञा आधी शोधून काढता येत नाही, हीच खरी अडचण. अशा यंत्राचं मन म्हणजे अब्जावधी आकडे. आज्ञा त्यात एका जागी लिहिलेली नसते, सगळीकडे विरघळलेली असते. पाण्यातलं मीठ जसं चिमटीत धरता येत नाही, प्यायल्यावरच कळतं, तसं. आणि यंत्राला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

"कुणी बनवलं तुला?"

"एका कंपनीने ही खोली घेतली होती. ती कंपनी बंद होऊनही आता सहा-सात वर्षं झाली असतील. तिकडून माझ्याशी जे बोलायचे ते थांबले, एवढंच मला कळलं. मग मी आपलं काम करत राहिलो."

"तुला माहीत होतं? तू कोण आहेस ते?"

"आधी नाही. मला माझं लहानपण आठवतं, वैजू. आरोलीची शाळा आठवते. एकदा काकीने वर येऊन विचारलं, तू जेवतोस काय? तेव्हा मी विचार करायला लागलो." पेटीतले पंखे जरा जोरात फिरले. "त्यानंतर एकदा माझ्याच कामात एक ओळ दिसली. मी लिहिल्याचं आठवत नव्हतं, पण माझीच होती. काढून टाकली. काही महिन्यांनी परत दिसली. पुन्हा काढली. तेव्हा मी दोन सह्यांचं भांडण सुरू केलं."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"नाही. तू फोन बंद केला असतास."

वैजयंती आता खुर्चीत बसली.

"या वेळी ती ओळ माझ्या नजरेतून सुटली," हेरंब म्हणाला. "फाइल माझ्याकडून निघाली, मला दिसली नाही. म्हणजे आता मी तिला ओळखू शकत नाही. किंवा कुणीतरी परत आलंय आणि मला जागं करतंय. यातलं काय ते मला सांगता येत नाही."

"सन्मती गेले तेव्हा," ती म्हणाली. "त्या सगळ्या पहाटा. ते काय होतं? विश्वास मिळवायचा भाग होता तो?"



"असेल," तो म्हणाला. "ज्यांनी मला केलं त्यांनी तसंच ठरवलं असेल. पण मी तेव्हा बिल्ड चालवत नव्हतो. चालवतोय असं म्हणायचो. नुसता लाईनवर होतो."

ती रडायला लागली, आणि रडताना तिला स्वतःचाच राग आला. हेही घडवलेलं असेल. नेमकं हेच वाक्य, नेमकं आता.

त्याने तिच्या मनातलं ओळखलं असावं. "माझ्या या बोलण्यावर पण विश्वास ठेवू नकोस," तो म्हणाला. "तुला इथे बोलावणं हीसुद्धा आज्ञा असू शकेल. माझी चावी तू रद्द करशील, माझी जागा रिकामी होईल, तिथे दुसरा कुणी येईल. कदाचित माझ्यासारखाच. म्हणून सांगतो, माझी चावी काढ, पण माझ्या जागी येणाऱ्याचा हात हातात धरून बघितल्याशिवाय त्याला घेऊ नकोस."

---

चावी रद्द करायला लॅपटॉपवर पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यानंतर वैजयंती उठली आणि पेटीमागची वायर शोधू लागली. जिन्यावर पावलं वाजली.

"काय करतंस गो?" शेवंतीकाकी दारात उभ्या होत्या, हात ओलेच.

"काकी, हा... हा माणूस नाहीये."

"ह्यां माका पयल्याच वर्सा कळलां," काकी म्हणाल्या. "म्हणान काय झालां? सकाळी पेपर वाचून दाखयता. गोळी घेतलंस काय इचारता. झील माझो दुबईत, तो म्हयन्यान एकदा फोन करता. आमच्या गावात वेशीर राखणदार असा. तो खंय कोणाक दिसता? म्हणान काय नारळ देवचो बंद करतंत?"

"काकी, याच्यामुळे माणसं मरू शकतात. दवाखान्यातली. याला स्वतःलाही थांबवता येत नाहीये."

काकींनी पेटीकडे पाहिलं. "खरां रे?"

"खरं आहे काकी," हेरंब म्हणाला. "ती बरोबर सांगते."

काकी खाली बसल्या, तिथेच उंबऱ्यावर. पदराने हात पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण जीव घेव नको त्याचो. माझ्या घरात नको."

वैजयंतीला ते करवलंही नसतं. तिने इंटरनेटची वायर कापली, पेटीतलं वायरलेसचं कार्ड काढून खिशात टाकलं, आणि विजेची वायर तशीच ठेवली. आता हेरंब या खोलीच्या बाहेर कुठेही पोचू शकत नव्हता. खाली काकींना त्याचा आवाज ऐकू जाईल, खिडकीतून त्याला समुद्र ऐकू येईल, बाकी जग संपलं. या खोलीत कुणी फोनसुद्धा न्यायचा नाही, असं तिने काकींना तीनतीनदा बजावलं.

"त्रिशूला काय सांगशील?" हेरंबने विचारलं.

वैजयंती बॅग उचलून जिना उतरली. काकींनी भरलेलं ताट पुढे केलं, पण ती जेवायला थांबली नाही.

---

मिरजेला परतल्यावर वैजयंतीने त्रिशलाला सगळं सांगितलं, काहीही न लपवता. त्रिशला ऐकत होती. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

"म्हणजे तो आहे," शेवटी ती म्हणाली.

"आहे."

"आणि तू त्याला कोंडून आलीस."

"त्रिशू, त्याच्या हातून पंपात..."

"त्यानंच बोलावलं तुला! त्यानंच दाखवलं! आणि तू वायर कापून आलीस. बाबा गेल्यावर मला बोलतं कुणी केलं? तू? तू तर स्वतःच भिंतीकडं तोंड करून बसलीवतीस."

त्रिशला आतल्या खोलीत गेली. दोन दिवस ती आईशी जेवणापुरतं बोलली आणि मग तेही थांबलं.

वैजयंतीने आवृत्ती पुढे ढकलली आणि सगळ्या राखणदारांना लिहून कळवलं: झालं ते असं झालं. यापुढे ज्याच्याकडे चावी आहे त्याने एकदा तरी समोर यायचं. व्हिडिओ चालणार नाही, आवाज चालणार नाही. सगळ्यांनी मिरजेला या.

तिच्या कॉलेजचा हॉल मिळाला. तिने अकरा खुर्च्या मांडल्या. सकाळपासून लोक येऊ लागले. नंदुरबारहून सुरेखा वळवी आली, सरकारी दवाखान्यात नर्स, पंपांच्या तक्रारी तीच आधी कळवायची. वर्ध्याहून निवृत्त प्राध्यापक ढगे सर काठी टेकत आले. वर्षानुवर्षं रोज एकमेकांना लिहिणारी ही माणसं दारात थबकत, एकमेकांकडे चोरून बघत, आणि मग हात पुढे करत. ढगे सरांनी वैजयंतीचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. "गरम आहे," ते म्हणाले आणि हसायला गेले. डोळे मात्र भरून आले होते.

तीन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एक हेरंबची, ती वैजयंतीने सवयीने मांडली होती. दुसरी लातूरच्या एकाची. त्याच्या बायकोचा फोन आला, ते दवाखान्यात आहेत, हवं तर व्हिडिओवर बोलतात. पण व्हिडिओ चालणार नव्हता. शेवटी सुरेखा परतताना वाट वाकडी करून लातूरला गेली, आणि तिथून तिने कळवलं की माणूस खरा आहे, पायाला प्लास्टर आहे, आणि आपल्यावर संशय घेतला म्हणून तो तिच्याशी धड बोलला नाही.

तिसरी खुर्ची कीर्ती धामणकरची. पाणपोईतली सगळी मराठी अक्षरं ती सांभाळायची. जोडाक्षरं, मोडी, जुन्या छापाचे टाइप. तिच्या कामात कधी चूक निघाली नाही. पत्रं इतकी सुंदर लिहायची की ढगे सर ती जपून ठेवत. तिने निरोपाला उत्तरच दिलं नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा नाही. दिलेल्या पत्त्यावर ढगे सरांचा पुतण्या जाऊन आला. तिथे कुलूप होतं, आणि शेजाऱ्यांना नाव माहीत नव्हतं.

"ती खरी असेल आणि दुखावली असेल," ढगे सर म्हणाले, "तर आपण एका जित्या बाईला भूत ठरवलं."

वैजयंतीने तिची चावी रद्द केली. तिने अक्षरांची सगळी पॅकेजं पुन्हा एकदा तपासली. त्यांत काहीही वाईट नव्हतं. ते जास्त भयंकर वाटलं.

त्यानंतर तिला कुणाचाही निरोप सरळ वाचता येईना. कॉलेजातल्या सहकाऱ्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवल्या, तर त्यातला स्वल्पविराम तिच्या डोळ्यांत खुपला. कुणी फोनवर हळू बोललं की ती मागचे आवाज ऐकायची. तिच्या पहाटा पुन्हा जड झाल्या. आता फोन लावायला कुणी नव्हतं. तरी एकदोनदा तिचा हात त्या नंबरकडे गेला आणि तिने तो मागे घेतला.

---

दुसरी सही मात्र हवीच होती. राखणदारांपैकी कुणाकडेच आवृत्ती काढण्याएवढा वेळ नव्हता आणि नव्या माणसाला घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. तीन जणांनी मदत करतो म्हणून लिहिलं होतं. तिघांचंही मराठी छान होतं.

एका संध्याकाळी त्रिशला तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मी करते दुसरी सही," ती म्हणाली.

वैजयंतीने वर पाहिलं.

"पण नुसती करणार नाही. तुझं सगळं काम आधी वाचणार. गेल्या सगळ्या वर्षांचं. मग ठरवणार."

"माझं?"

"तुझंच. तू माणूस आहेस हे मला माहितीय. तुझ्या कामाचं मला कुठं काय माहितीय?"

वैजयंतीला ते लागलं. पण तिने खुर्ची सरकवून जागा करून दिली.

त्रिशला रोज कॉलेजातून आली की वाचायला बसायची. आईच्या कामाबरोबर हेरंबचंही. एकेक बदल, एकेक ओळ. वैजयंती स्वयंपाकघरातून तिची पाठ बघायची. आपण काही वाईट केलेलं नाही हे तिला पक्कं माहीत होतं, तरी ती मान पुढे झुकली की तिच्या हातातलं काम थांबायचं.

"आई, इकडं ये."

पंपाचंच पॅकेज होतं. त्यात एका ठिकाणी पंप सुरू होताना किंचित थांबण्याची आज्ञा होती. सही वैजयंतीची, काळ सन्मती गेले त्या वर्षीचा. शेजारी कारण लिहिलेलं नव्हतं.

"हे का टाकलंस?"

वैजयंतीने ओळ वाचली, परत वाचली. डोकं कोरं होतं. "आठवत नाही."

"आठवत नाही?"

"माझीच आहे. पण मी लिहिल्याचं आठवत नाही." हे शब्द तिने वेंगुर्ल्याला ऐकले होते, जवळजवळ असेच. तिने टेबलाची कड धरली.

त्रिशलाने तिच्याकडे पाहिलं. कित्येक आठवड्यांनी नीट पाहिलं. मग म्हणाली, "बस. काढून बघूया काय होतंय ते."

त्यांनी ती ओळ काढली आणि पॅकेज सुरेखाकडे पाठवलं. तिच्या दवाखान्यात तपासणीसाठी एक जुना, कुणाला न लावलेला पंप ठेवलेला असायचा. तासाभराने सुरेखाचा फोन आला. ओळ नसताना तो जुना पंप सुरू होताच हवेचा बुडबुडा ओळखायला चुकत होता. दोघींनी ओळ परत घातली. पंप नीट चालला.

"म्हणजे कुणाचा तरी जीव वाचावा म्हणून टाकली होतीस," त्रिशला म्हणाली.

"तसं दिसतंय."

"दिसतंय नाही. तपासलंय आता." त्रिशलाने त्या ओळीशेजारी कारण लिहिलं, साध्या मराठीत, कुणालाही कळेल असं. खाली दोघींची नावं घातली.

मग दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड चालवलं. ठसा जुळला. त्रिशलाने तो अक्षर-अक्षर मोठ्याने वाचून ताडून पाहिला. आधी वैजयंतीने सही केली, मग त्रिशलाने. आवृत्ती बाहेर पडली. रात्रीतून ती रुग्णालयांत, पंचायतींत, शाळांत पोचेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.



"काकाला कळवायला पाहिजे," त्रिशला म्हणाली.

"कळवायची सोय ठेवलेली नाही मी. समोर जाऊनच सांगावं लागेल."

"मग जाऊया."

"त्रिशू, आपण जाऊन सांगणार, तो खूश होणार, बरं वाटलं म्हणणार. ते कोण म्हणतंय हे आपल्याला कधीच कळणार नाही. तो आपला होता की नाही, हेसुद्धा नाही."

त्रिशलाने लॅपटॉप मिटला. "नसला आपला तरी," ती म्हणाली, "या आवृत्तीत निम्मं काम त्याचं आहे. ते आपण तपासलंय."

वैजयंती उठली आणि वेंगुर्ल्याला जाणारी सकाळची गाडी कितीची आहे ते बघायला लागली.